गळ्यापर्यंत गलांडा

एकदा एक व्यापारी देवाला शब्द देऊन बसला, आणि त्या दिवसापासून त्याची झोप गेली.

व्यापारी भुसार मालाचा. गहू, हरभरा, तूर यांच्या थप्प्या लावण्यात सारी हयात गेलेली. माणूस वाईट नव्हता. पण एखादी वस्तू एकदा आपली झाली की ती जागची हलू नये, असा त्याचा स्वभाव. त्या वर्षी शेठाणी तापाने अंथरुणाला खिळल्या. वैद्यांनीही हात टेकले, तेव्हा शेठ अनवाणीच टेकडीवरच्या खंडोबाकडे धावले आणि म्हणाले, "देवा, ही उठून बसू दे. चंपाषष्ठीला तुला पिवळ्या फुलांनी गळ्यापर्यंत झाकीन. आणि फूल बाजारचं नसेल. माझ्या अंगणात, माझ्या हातानं लावलेलं असेल."

शेठाणी उठून बसल्या. नवसाचे कळले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, नारळ बोलायचा होता की! तुमच्या हातानं आजवर तुळस तरी जगलीये का?"

प्रश्न रास्त होता. म्हणून शेठ गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध बाबांकडे गेले. बाबांची बाग साधीच, पण बारा महिने तिच्यात काही ना काही फुललेले असे. शेठ म्हणाले, "बाबा, मला शिष्य समजा. पिवळं फूल पाहिजे. कष्ट कमी, फुलं भरपूर, आणि सहजासहजी मरता कामा नये."

बाबा हसले. "माणसांत असं कोणी अजून भेटलं नाही. पण झाडांत आहे. गलांडा न्या. पिवळा गलांडा."

त्यांनी टोपलीभर रोपे काढून दिली. "मुरमाड जागा चालते याला. ऊन मात्र पोटभर पाहिजे. पाणी बेतानं घाला. फार लाड केले की मुळं कुजतात. एकदा रुजला की आपला फुलतच राहतो, वर्षाचा हिशेब ठेवत नाही. आणि हो, फुलं लागली की..."

"फुलं लागली की काय करायचं ते माझ्यावर सोडा," शेठ टोपली उचलत म्हणाले. "राखण हा माझा धंदाच आहे."

बाबांनी उघडलेले तोंड मिटले. घाईत असलेल्या माणसाला शिकवू नये, हे त्यांना ठाऊक होते.

पावसाळ्यात लावलेली रोपे नवरात्रात फुलली. सारा वाफा असा पिवळा झाला की वाटेने जाणारा माणूस क्षणभर थांबे. आणि नेमकी तिथेच अडचण झाली. आपल्याकडे एक जुनी समजूत आहे: देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. पहाटे परडी घेऊन निघालेली बाई दुसऱ्याच्या कुंपणात हात घालते, तेव्हा तिच्या ओठांवर स्तोत्र असते आणि डोळा घराच्या दारावर असतो. शेठच्या आळीत अशा बायकांच्या म्होरक्या होत्या ठकूकाकू. वय सत्तरीचे, पण हात विजेसारखा.

एका पहाटे शेठनी त्यांना गाठले. "काकू, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? तुझी फुलं देवाच्या पायाशी पोचवतेय. तुला टेकडी चढवत नाही, मी चढते. पुण्य तुझंच हो."

"मला पुण्य नको, माझी फुलं ठेवा!"

"असं सकाळी सकाळी बोलू नये," काकू शांतपणे म्हणाल्या, आणि बोलता बोलता आणखी दोन तोडून गेल्या.

त्याच दिवशी शेठनी वाफ्याभोवती बाभळीचे काटे लावले. दोरीला खडे घातलेले डबे टांगले. आपला जुना कोट आणि टोपी घालून एक बुजगावणेही उभे केले. ते इतके हुबेहूब झाले की शेठाणींनी एकदा त्यालाच दोन हाका मारल्या, आणि उत्तर आले नाही तेव्हा नवरा नेहमीसारखाच तुसड्यासारखा वागतो आहे असे समजून त्याच्यापुढे चहा ठेवून आत गेल्या.

घरच्या देवालाही फूल मिळेना. शेठाणी म्हणाल्या, "एक तरी द्या हो. पूजा ओकीबोकी वाटते."

"तो माल आधीच बोलून ठेवलेला आहे. खंडोबाचा आहे."

"मग आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, तो कोणाचा?"

"तो आहेच गं. पण नवस मी टेकडीवरच्याला बोललोय."

शेठचा विचार सरळ होता. रोज दहा-वीस फुले कमी होण्यापेक्षा ती झाडावरच साठू द्यावीत. चंपाषष्ठीला सगळी एकदम उतरवावीत. सणाच्या आधी माल दाबून ठेवायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. ती आजवर कधी चुकली नव्हती.

कोजागिरी झाली. पाकळ्या गळू लागल्या, आणि प्रत्येक देठावर एकेक गोल, करडी, लोकरीसारखी गोळी दिसू लागली. शेठना आनंद झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला काट्यांपलीकडून दाखवू लागले, "बघा, कळ्या किती धरल्यात! या फुटल्या की खंडोबा दिसायचाच नाही."

पण कळ्या फुटेनात. दिवस जात राहिले. गोळ्या आणखी करड्या झाल्या, झाडांची पाने मलूल झाली, आणि सगळ्या वाफ्यात मोजून खुडावीत एवढीच फुले उरली. तेव्हा मात्र शेठ बाबांना हाताला धरून घेऊन आले.

बाबा वाफ्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी एक गोळी तोडली, चिमटीत कुस्करली आणि फुंकर घातली. बी उडाले ते शेठच्या मिशीत जाऊन बसले.

"शेठ, या कळ्या नव्हेत. या आज्या झाल्या."

"म्हणजे?"

"फुलून, पिकून, बी धरून बसल्यात. आता यांना फुलायला सांगणं म्हणजे ठकूकाकूंना फुगडी घालायला सांगणं."

शेठ मटकन ओट्यावर बसले. आत शेठाणींना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले, "बाबा, चंपाषष्ठी महिन्यावर आली. मी शब्द दिलाय. उद्या देव म्हणाला, तू तुझं राखलं नाहीस, मग मी का राखू? आणि ही पुन्हा पडली, तर?"

मघाशी थट्टा करणाऱ्या बाबांनी आता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "फुलेल. अजून वेळ गेलेली नाही. पण मी सांगेन ते होऊ द्यायचं, आणि मध्ये तोंड उघडायचं नाही."

"कबूल."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा आले. त्यांनी बाभळीचे काटे ओढून बाजूला फेकले. डबे उतरवले. बुजगावण्याच्या अंगातला कोट काढला आणि थंडीने कुडकुडणाऱ्या शेठच्या अंगावर घातला. मग आळीच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने हाक दिली, "या गं बायांनो! शेठच्या दारची फुलं तोडायला या!"

शेठनी तोंड उघडले. मग शब्द आठवून त्यात उपरण्याचा बोळा कोंबला.

बायका आल्या खऱ्या, पण कुंपणाबाहेरच थबकल्या. चोरून तोडण्याची सवय. बोलावणे आल्यावर हातच पुढे होईना. ठकूकाकूंनी कोटातल्या शेठकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि शेजारणीला विचारले, "हा तो आहे, की ते?"

"तो आहे. डोळ्यांत पाणी आहे बघा."

"मग यात काहीतरी गोम आहे. फुलांवर औषध मारलं असेल मेल्यानं."

बाबा म्हणाले, "औषध नाही, अट आहे. एक ताजं फूल घ्याल, तर शेजारच्या दहा करड्या गोळ्याही खुडायच्या. देठासकट. वाटेत तण दिसलं तर तेही उपटायचं. आणि रोज यायचं."

"रोज?" काकूंचा विश्वास बसेना.

"रोज. खाडा केलात तर शेठ तुमच्या दारी विचारायला येतील."

ऊन वर येईतो वाफा असा भुंडा झाला की तिथे फुले होती हे शपथेवर सांगावे लागले असते. बायका गेल्या. शेठनी बोळा काढला.

"बाबा, मी तुमच्याकडे औषध मागायला आलो होतो. तुम्ही घरात चोर घातलेत."

बाबा म्हणाले, "शेठ, कोठारात गहू ठेवला तर सहा महिन्यांनी गहूच निघतो. झाडावर फूल ठेवलं तर फूल निघत नाही. झाड काही आपल्यासाठी किंवा देवासाठी फुलत नाही. ते फुलतं बी धरायला. एकदा बी हाती लागलं की त्याला वाटतं, संसार झाला, आता कशाला धडपडायचं? फूल खुडून नेलं की त्याला वाटतं, अरे, आपलं काम राहिलं की! मग ते पुन्हा फुलतं. पुन्हा नेलं, पुन्हा फुलतं. माझ्या बागेत बारा महिने फुलं दिसतात, ती काही माझ्या हाताला गुण आहे म्हणून नव्हे. माझ्या बागेला कुंपणच नाही."

शेठना हे सगळे पटले होते असे नाही. पण शब्द दिला होता, म्हणून ते रोज पहाटे कोट घालून ओट्यावर बसत आणि फुले जाताना बघत. आठ-दहा दिवसांत देठांच्या बगलांतून कोवळे कोंब निघाले. मग कळ्या आल्या, या वेळी खऱ्या. नेली त्यापेक्षा जास्त फुले येऊ लागली, तसे शेठ ओट्यावरून उठून वाफ्यापाशी बसू लागले. एके दिवशी तर "काकू, ती गोळी राहिली, ती मागची," असे स्वतःच म्हणाले, आणि आतून शेठाणींचे हसू ऐकू आले.

चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी वाफा भरून ओसंडत होता. 'उद्या मात्र येऊ नका' असे बायकांना सांगावे, हे शेठच्या अगदी ओठांवर आले होते. पण महिनाभर त्या बायकांनी तण काढले होते. ते वाक्य शेठच्या तोंडून निघेना. त्यांनी मनाशी ठरवले, बायकांच्या आधी उठायचे.

उठलेही. पण सोवळे सापडेना. ते सापडून, स्नान करून बाहेर येतात तो वाफा मोकळा! एका माळेपुरती फुले मागे ठेवलेली.

त्यांनी ती एक माळ कशीबशी ओवली. ती हातात घेऊन शेठाणींसह टेकडीच्या पायथ्याशी आले, तिथे बाबा भेटले. "बाबा, नवस बुडाला," शेठ म्हणाले. "ही एवढीशी माळ. गुडघ्यापर्यंतही पुरायची नाही."

"आहे ती घेऊन चला तर," बाबा म्हणाले.

देवळात भंडाऱ्याचा धुरळा उडाला होता. 'येळकोट येळकोट'चा गजर चालला होता. शेठ गर्दीतून गाभाऱ्याच्या दाराशी पोचले आणि तिथेच उभे राहिले. गुरव म्हणाला, "शेठ, फार उशीर केलात. पहाटेपासून आळीतल्या बायका आल्यात, माळेवर माळ. देव गळ्याच्याही वर भरला. आता डोळे तेवढे राहिलेत, ते झाकता येत नाहीत."

शेठनी पाहिले. पिवळ्या फुलांच्या राशीतून देवाचे दोन डोळे तेवढे त्यांच्याकडे बघत होते. एकेक फूल त्यांच्या ओळखीचे होते.

"ही सगळी माझी..." एवढे बोलून ते थांबले. समोर ठकूकाकू उभ्या होत्या. टेकडी चढून आलेला दम अजून बसला नव्हता.

गुरवाने शेठची माळ देवाला लावून प्रसाद म्हणून परत दिली. शेठनी ती क्षणभर हातात धरली, आणि काकूंच्या परडीत ठेवली. "घरच्या देवाला घाला. सगळी इथंच वाहिलीत तुम्ही."

पायऱ्या उतरताना बाबांनी विचारले, "फिटला का नवस?"

"फिटला, बाबा," शेठ म्हणाले. दोन पायऱ्या उतरल्यावर पुन्हा म्हणाले, "पण फेडला कोणी, ते मात्र सांगता येत नाही."

बाबांनी मान डोलावली.

ज्याच्या अंगणात गलांडा असेल, त्याने कुंपण जरा बुटकेच ठेवावे.