ठकूची कबरी आणि सोनेरी थेंब

डोंगराच्या कुशीत, पळसाच्या रानाकडेला एक इवलंसं खोपट होतं. त्यात ठकू राहायची, तिची आई राहायची आणि दातही न फुटलेला तिचा भाऊ गुंडू राहायचा. घरात खायची मारामार, म्हणून आईला दूध पुरायचं नाही. गुंडूचा सगळा जीव कबरी शेळीच्या वाटीभर दुधावर. आणि आता कबरीच काही खाईना की हो!

चार दिवस झाले, तिच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सुजेची पिशवी लोंबत होती. पाय लटपटत होते. सकाळीच आई गुंडूला झोळीत घालून मजुरीला गेलेली.

"कोवळा पाला आणते गं, तेवढा तरी खा," ती कबरीला म्हणाली आणि रानात धावली.

रानात केवढा लखलखाट! पळस केशरी, सावर गुलाबी, पात्यापात्यावर दहिवराचे टपोरे मणी. आणि एका कोळिष्टकात अडकली होती अंगठ्याएवढी परी! पंख भिजून चिंब. ठकूनं तिला अलगद सोडवलं, ओंजळीत धरलं आणि फू फू करून पंख सुकवले. पंख कसे निळे-हिरवे झळकले!

"माग, बाळे, काय हवं ते."

"माझी कबरी बरी कर, परीताई!"

परीचा चेहरा उतरला. "तिच्या पोटात जंत झालेत. दोऱ्यासारखे बारीक, पण रक्त पितात मेले. वाडीत शेळ्या किती?"

"दोनच. आमची कबरी आणि शेजारच्या म्हाळसाआक्काची राणी."

"मग हा एक सोनेरी थेंब घे. पण नियम ऐक हं. दोघींची खालची पापणी हळूच उलटून बघायची. जिची आतून जास्त पांढरी, तिचं रक्त जास्त गेलेलं; तिलाच थेंब द्यायचा. आणि अख्खा द्यायचा. अर्धा दिलास तर जंत मरायचे नाहीत, उलट निगरगट्ट होतील."

ठकू धापा टाकत घरी आली. कबरीची पापणी फिकट गुलाबी होती. मग ती शेजारी आक्काच्या अंगणात धावली. राणीची पापणी? तांदळाच्या पिठासारखी पांढरीफटक!

ठकूला रडूच फुटलं. गुंडू काय पिणार आता? अर्धा अर्धा देऊ का? एक तीळ सात जणांत वाटून खावा, असं आईच सांगते. पण हा तीळ नव्हता ना!

"काय गं ठके, माझी राणी जाताना बघायला आलीस होय?" आक्का डोळे पुसत खेकसली.

ठकूनं राणीचं तोंड उघडलं आणि थेंब टाकला. अख्खाच्या अख्खा.

राणीनं कान हलवले. मान उचलली. आक्का "अगं माझे बाई!" म्हणेपर्यंत ठकू घराकडे पळालीसुद्धा. कबरी आता आडवी पडली होती. ठकू तिच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली.

तेवढ्यात खोपट सोन्यासारखं उजळलं. परी कबरीच्या शिंगावर येऊन बसली होती.

"थेंब कबरीलाच दिला असतास तर कुणाला कळलं असतं? तरी नियम पाळलास," ती म्हणाली आणि दुसरा थेंब कबरीच्या जिभेवर पडला.

ठकूनं डोळे पुसले. "पण परीताई, हे जंत आले कुठून?"

"तू तिला भल्या पहाटे तळ्याकाठच्या आखूड गवतात चारतेस ना? दहिवर असतं तेव्हा जंतांची पिल्लं पात्यावर चढून बसतात."

"म्हणजे... मीच केलं?" ठकूनं कबरीला घट्ट धरलं. "मला वाटायचं, तिथलं गवत सगळ्यांत हिरवं!"

"मायेनं नेलंस, बाळे. माहीत नव्हतं तुला. आता उन्हं चढल्यावर ने आणि उंच झुडपांचा पाला चार. आक्कालाही सांग."

लख्ख प्रकाश झाला, डोळे दिपले, आणि परी कुठल्या कुठे!

ठकूला मागून हिसका बसला. वळून बघते तर कबरी उभी होती आणि ठकूचा एकुलता एक परकर कराकरा चावत होती.

"खा गं बाई, खा!" ठकू रडता रडता हसत म्हणाली. "सगळा खा!"