बैलपारख्याचे दात

बैलबाजारासाठी नाव असलेल्या एका गावात सटवाजी नावाचा पारखी राहायचा. कुणालाही बैल घ्यायचा असला की तो आधी सटवाजीला गाठायचा. सटवाजी बैलासमोर उभा राहून बारीक शीळ घालायचा. बैल कान टवकारून शांत व्हायचा, आणि तेवढ्यात हा त्याचा जबडा उघडून दात बघायचा. हा दोन दाती, हा चार दाती, हा जुळलेला म्हणजे पुऱ्या दातांचा, हा झिजलेला. वेसण ओढायची वेळच यायची नाही. त्या शिळेवर त्याचं पोट होतं आणि त्याचा तोराही.

हजारो तोंडं उघडणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचं तोंड मात्र कधी आरशात नीट पाहिलं नव्हतं. सकाळी चिमूटभर तंबाखूची मिश्री हिरड्यांना फासली की झाली दातांची सेवा. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पुढचे दात हलायला लागले, तरी त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैलाचं वय दातांत कळतं, मग माणसाचंही कळणारच. "जुळलेल्याचा झिजलेला व्हायचाच," असं तो बायकोला, चांगुणाला, वर ऐकवायचा. वय अवघं पंचेचाळीस.

पोळा होऊन आठवडा झाला होता. बाजारात एका खिल्लारी बैलासमोर सटवाजीने ओठ आवळले, पण शिळेऐवजी नुसती हवाच निघाली. बैल बुजला. त्याने मान झटकली आणि शिंग सटवाजीच्या दंडाला लागलं. लोक हसले. गिऱ्हाईक दुसऱ्या पारख्याकडे वळलं. सटवाजीला मार लागला त्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

घरी दंडाला हळद लावताना चांगुणा म्हणाली, "रोज एवढी तोंडं उघडता. तुमचं कोण उघडणार?"

 सटवाजी सकाळी उठला, मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकली आणि तालुक्याच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी आ करायला सांगितलं तेव्हा त्याने मान मागे झटकली. बैलांना काय वाटत असेल, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"वयाला बोल लावू नका," बाई म्हणाल्या. "हे मिश्रीचं आणि साचलेल्या कीटणाचं काम आहे. एक दाढ गेली. पुढचे दात वाचवू. पण मिश्री बंद, दोन वेळा ब्रश, आणि दर सहा महिन्यांनी इथे यायचं. दुखत नसलं तरी."

सहा महिने लक्षात कसे ठेवायचे? सटवाजीने आपल्या परीने हिशोब घातला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, आणि तिथून सहा महिन्यांनी होळी. बैलाचे खांदे चोळायचे ते काही बैल कुरकुरला म्हणून नव्हे. तसंच आपलं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

पहिले दिवस कठीण गेले. हात सारखा मिश्रीच्या डबीच्या रिकाम्या कोनाड्याकडे जायचा. सटवाजी तो मागे घ्यायचा आणि ब्रश उचलायचा. होळीला तो तपासून आला, तोवर हिरड्या आवळल्या होत्या आणि शीळ परतली होती.

पुढचा पोळा आला. खांदेमळणीच्याच दिवशी वर्षातला सर्वांत मोठा बाजार भरला. एका बड्या गिऱ्हाइकाने सांगावा धाडला. दात तर एकही दुखत नव्हता. सटवाजी घटकाभर उंबऱ्यात घुटमळला, मग तालुक्याच्या वाटेला लागला. बाईंना एका दाढेत टाचणीच्या टोकाएवढी कीड सापडली. थोड्याच वेळात दाढ भरूनही झाली.

पुढच्या बाजारात ते गिऱ्हाईक घुश्शातच भेटलं. दुखत नसतानाही दात दाखवायला गेलो होतो, असं सटवाजीने सांगताच ते तडकलं, "दुखत नव्हतं, मग बाजार कशापायी बुडवलात?"

सटवाजीने शीळ घातली. समोरचा बैल शांत झाला. त्याचा जबडा उघडून तो म्हणाला, "यानं तरी कुठं सांगितलं होतं, माझे दात बघा म्हणून?"

तात्पर्य: दात बोलू लागतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून ते गप्प असतानाच, नेमल्या दिवशी, न चुकता दाखवून यावेत.