चांदवीचा घाट

नद्या बोलायच्या आणि माणसं थांबून ऐकायची, त्या काळातली ही गोष्ट. एका डोहात चांदवी नावाचे मासे राहायचे. गावाचा त्यांच्यावर भारी जीव. जाळं कुणी टाकत नसे, उलट मुलं रोज लाह्या टाकत.

"एवढी लाडकी आपली चांदवी, अन् तिला बघायला धड पायरी नाही!" येसाजी पाटील म्हणाले. सगळ्यांना पटलं. काठची रेती उपसून चुन्यात कालवली, घडीव दगडांचा घाट बांधला. पाण्यातल्या शेवटच्या पायरीवर एक दगडी चांदवीही कोरली. डोहातली म्हातारी चांदवी खालून बघून हरखून गेली.

अंडी घालायचे दिवस आले. आईनं, आजीनं ज्या उथळ रेतीत अंडी जपली, तिथं ती पोहत पोहत गेली. रेती नव्हती. पायरी होती. गुळगुळीत दगडावरून अंडी घरंगळत खोल गाळात गेली.

"बाई, जरा सरकतेस का?" ती दगडी चांदवीला म्हणाली. "तुझ्याखाली माझ्या पोरांची जागा आहे."

"कशी सरकू गं? तुझ्याच प्रेमापोटी मला इथं बसवलंय."

म्हातारीनं तिच्या गार अंगाला अंग घासलं आणि ती हळूहळू खोल निघून गेली. पुन्हा पिल्लं झाली नाहीत. एकेक करून डोह रिकामा झाला.

गाव अजून लाह्या टाकतं. त्या दगडी तोंडापाशी भिजतात आणि वाहून जातात.

"लाजऱ्या झाल्यात आपल्या चांदव्या," लोक म्हणतात. "अजून दोन पायऱ्या खाली बांधू, म्हणजे दिसतील."