गोजरीनं तोंड कुणाला पुसलं?

“सिद्ध कर! नाही तर ही डुकरीण उद्या आमच्या मुदपाकखान्यात!” राजा धुरपदावर गरजला.

झालं होतं एवढंच. धुरपदा डुकरं राखायची. बाजाराला म्हणून नवं लुगडं नेसून निघाली, तर तिची लाडकी डुकरीण गोजरी मागनं धावत आली आणि चिखलानं भरलेलं मुसकट तिच्या लुगड्याला पुसून मोकळी झाली. राजाची स्वारी नेमकी तिथनंच चाललेली. राजानं नाक दाबलं. “शी! काय ही घाण!”

“घाण नव्हं महाराज, माया हाय ती!” धुरपदा बोलून गेली. तिची जीभ तिच्या अकलेच्या चार पावलं पुढं चालायची. हे दुसरं कुणी नाही, ती स्वतःच सांगायची.

“डुकराला पोट कळतं, माया नाही!” राजा हट्टाला पेटला. “उद्या दरबारात मी उकडलेल्या रताळ्यांची पाटी घेऊन बसतो. तू समोर बस, रिकाम्या हातानं. बघू कुणाची होते ती!”

दुसऱ्या दिवशी धुरपदा तेच लुगडं नेसून आली. दुसरं होतं कुठं? गोजरीला सोडलं मात्र, ती शेपूट हलवत तडक गेली आणि राजाच्या पाटीत तोंड घातलं!

दरबार खो-खो हसला. “हरलीस!” प्रधान ओरडला.

“हसा, हसा! रताळी बघून मी बी तिकडंच पळणार हुते, गुडघ्यानं दगा दिला म्हणून ऱ्हायले,” धुरपदा म्हणाली. “पर महाराज, पाटी सपू द्या. कोण कुणाचं, ते पोट भरल्यावर कळतंय.”

“संपू दे!” राजा म्हणाला.

पाटी संपली. राजानं चुचकारलं, पाठ थोपटली, “गोजरीबाई” सुद्धा म्हणून पाहिलं. गोजरीनं ढुंकून बघितलं नाही. डुलत डुलत धुरपदाकडं गेली, रताळ्यानं माखलेलं तोंड लुगड्याला पुसलं आणि धपकन कुशीवर पडली. धुरपदानं पोट खाजवलं, तशी डोळे मिटून बारीक आवाजात हुंकारू लागली.

“पण आधी ती खाण्याकडंच गेली!” प्रधानानं हेका सोडला नाही.

“व्हय की. प्रधानजी, काल वाड्यावर मेजवानी झाली म्हणं. हात धुतल्यावर महाराजांशी चार शब्द बोलाया कोण कोण थांबलं?”

सगळा दरबार आपापल्या पायांकडं बघू लागला. राजा बोटांवर मोजायला बसला, तर एकही बोट दुमडेना! मग तो असा हसला, की मुकुट घसरून नाकावर आला.

“म्हणजे तुझी डुकरीण माझ्या दरबारापेक्षा बरी! गोजरी तुझी, आणि रोज दोन पाट्या रताळी, एक तिला, एक तुला! शिवाय भरजरी लुगडं देतो!”

“भरजरी नगं महाराज,” धुरपदानं हात जोडले. “चिखलाच्या रंगाचं द्या. एवढ्या जगात माझ्यावर माया करणारी ही एकटी, आन् तिला दुसरा रुमाल ठावं न्हाई!”