धनेशाच्या बिया

फार पूर्वी सह्याद्रीच्या ओल्या रानातला एक धनेश उडत उडत पूर्वेच्या माळावर उतरला. जिकडेतिकडे नुसतं गवत बघून त्याला कळवळा आला.

"चंडोलताई, तुमच्या नशिबी एक झाड नाही? पुढच्या खेपेला बिया आणतो. रान उभं करू."

चंडोलीण दरसाल गवताच्या बुडाशी घरटं करायची. झाडं आली की सावलीत गवत मरणार, फांद्यांवर ससाणे बसणार, हे तिला दिसत होतं. पण पाहुण्याचं मन तिला मोडवेना. धनेशाने बिया टाकल्या, पावसात रोपं तरारली आणि तिची झोप उडाली.

मग पाऊस सरला. ऊन तापलं तशी रोपांनी माना टाकल्या. गवतही पिवळं पडलं, पण मुळाशी जिवंत राहिलं.

धनेश परत आला आणि हिरमुसला. "माझं काय चुकलं?"

"दादा, तुमच्याकडे पाऊस मुक्कामाला येतो," चंडोलीण म्हणाली. "आमच्याकडे उभ्याउभ्या येऊन जातो. तेवढ्यात गवताचंच भागतं."

"बरं, पिल्लं तरी दाखव."

"तुमच्या पायाशीच आहेत."

धनेशाने पिवळ्या गवतात मान वाकडी करून खूप शोधलं. त्याला एकही पिल्लू दिसेना, तशी चंडोलीण निर्धास्त झाली.