टिकलीखालचा दिवा

गाडीचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. घाटात धावणाऱ्या एका जीपचा भोंगा इंजिनाला खेटून बसलेला असे आणि दिवसभर ओरडे. समोरच्या काचेखाली इंजिनाचा बिघाड कळवणारा इवलासा पिवळा दिवा होता. चढ लागला की तो पेटे, सपाटी आली की विझे.

"एकदा काय ते ठरव ना!" भोंगा खेकसे.

जीपवाला भिवाजीही वैतागला. त्याने बायकोची पातळ लाल टिकली दिव्यावर चिकटवली. तरी पुढच्या चढाला दिवा पेटलाच.

"आता कोणासाठी पेटतोस?" भोंग्याने विचारलं.

"मी इंजिन कधी पाहिलं नाही रे," दिवा म्हणाला. "पण तारेतून कळतं. आत चार चुली आहेत. चढावर ओझं वाढलं की एकीची ठिणगी चुकते. उरलेल्या तिघी तिचाही भार घेऊन आपल्याला वर नेतात. तेवढ्यापुरती हाक येते. ती आल्यावर गप्प कसा राहू?"

टिकली निखाऱ्यासारखी लाल झाली. भिवाजीने जीप कडेला घेतली, सकाळी स्टीअरिंगला करायचा तसा टिकलीला नमस्कार केला आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं.

भोंगा चुलींकडे कान लावून बसला. जन्मभर तो त्या चुलींच्या शेजारी राहिला होता, आणि त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकत होता.