दुर्गव्वानं दोर धरला तेव्हा

आमच्या गावात एकही विहीर नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पहिली विहीर खोदायला वडार आले, त्यांची पालं माळावर पडली. त्यांतली दुर्गव्वा दोर धरायची. खोदणाऱ्यांना खाली सोडायचं आणि वर ओढायचं, हे तिचं काम. दोर हातात आला की ती दातावर दात आवळी आणि माणूस वर येईपर्यंत एक शब्द बोलत नसे.

तीस हातांवर ओल लागली. ती बघायला पाटलाचा धाकटा भाऊ दोघा वडारांबरोबर खाली उतरला. एवढ्यात कड ढासळली, रहाट मोडला. तिघं दोराला लोंबकळले आणि वर होती एकटी दुर्गव्वा.

पाटील धावत आला. भाऊ आत आहे का, म्हणून त्यानं तीनदा विचारलं. ती बोलली नाही. तिसऱ्यांदा तर तो ओरडलाच. ओरडायचं सुचलं त्याला, दोराला हात लावायचं सुचलं नाही!

दोरातून धूर निघाला, तिच्या टाचा कातळात रुतल्या, असं म्हणतात. पण तिघं जिवंत वर आले.

दुसऱ्या दिवशी पाटलानं तिला चावडीवर बोलावलं. शाबासकी द्यायला नव्हे. वडारणीनं पाटलाला उत्तर दिलं नाही, हा म्हणे गुन्हा. आजच्या आज पालं उठवा, असा हुकूम सुटला. ज्याचा जीव वाचला तो भाऊ शेजारीच बसला होता. तो पागोटं सारखं करत राहिला.

दुर्गव्वानं समोरच्या लिंबाच्या फांदीवरून दोर टाकला. एका टोकाला दगडांनी भरलेली पाटी बांधली, ती वर ओढली आणि दुसरं टोक पाटलाच्या हातात दिलं. पाटलानं दातओठ खाऊन ते धरलं.

"आता तुमच्या बापाचं, आज्याचं नाव सांगा, पाटील."

पाटलानं तोंड उघडलं, तसा दोर हातातून सरकला. पाटी दाणकन खाली आली.

"दात सुटले की मूठ सुटते," ती म्हणाली. "काल मी उत्तर दिलं असतं, तर आज तुमच्या घरी सुतक असतं."

चावडीवरच्या प्रत्येकाला ते पटलं. पाटलालाही पटलं. तरी हुकूम काही फिरला नाही. ऊन उतरायच्या आत पालं उठली. त्याच संध्याकाळी विहीर काठोकाठ भरली, असं म्हणतात.

विहिरीच्या शिळेवर नाव कोरलंय ते पाटलाचं. ते कुणी वाचत नाही. पाणी भरणारी प्रत्येक बाई दुर्गव्वाच्या विहिरीवर जाते, असंच सांगते. आणि दोर धरलेल्या माणसाला आमच्या गावात आजही कुणी हाक मारत नाही, मग घराला आग लागलेली असो. आधी जाऊन दोराला हात लावायचा.